शनिवारची भेट

माझ्या पक्षकार बाई बडनेऱ्याला भावाकडे राहत होत्या. नवरा अकोल्याचा, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. भांडणं वाढली तशी बाई मुलीला घेऊन माहेरी आल्या. मुलगी दुसरीत. ताब्याचा खटला अमरावतीच्या कोर्टात चालू होता आणि तोवर एक शनिवार सोडून एक शनिवार बापानं मुलीला कोर्टाच्या भेटीच्या खोलीत भेटावं, असा आदेश होता.

तो न चुकता यायचा. इस्त्रीचा शर्ट आणि हातात पिशवी. पिशवीत कधी बाहुली, कधी रंगपेटी. लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. मुलगी मात्र दाराशीच पोट धरून उभी राहायची. "आई, माह्यं पोट दुखते." आत गेली तरी तोंड खिडकीकडे. तो शाळेचं विचारायचा, ती गप्प.

बाई मला म्हणायच्या, "पाहा मॅडम, तिले त्याच्याजवळ जाचंच नाही. जबरदस्ती काहून करता?" मीही भेटी बंद करण्याचा अर्ज तयार केला होता. मुलगी पोट दुखतं म्हणत असली की असा अर्ज कोर्टात चालतो, हे मला अनुभवानं माहीत होतं.

एका शनिवारी तो वेळेवर आलाच नाही. बाईंचा चेहरा उजळला. "मॅडम, हे लिहून घ्या. आज आलाच नाही तो. कोर्टाले सांगता येईन."

"अजून थोडी वाट पाहू," मी म्हटलं.

मुलगी बाकावर बसली होती. त्या दिवशी तिचं पोट दुखत नव्हतं. जिन्यावर पाय वाजले की ती मान उंचावायची. येणारा दुसराच कुणी निघाला की खाली बघायची. शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चल बेटा, जाऊ घरी."

मुलीनं बाकाची कड धरली. "थांब नं आई. थोडं थांब."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग परत बसल्या.

बऱ्याच वेळानं तो धावत जिना चढून आला. शर्ट घामानं भिजलेला, पिशवीही नव्हती. मुलगी उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उशीर काहून केला?"

इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "गाडी मूर्तिजापूरले थांबून होती, बेटा. मंग ऑटो भेटेना."

"फोन करता येत नाही का?" असं म्हणून ती त्याच्याआधी खोलीत गेली. दार लागलं. आतून तिचा आवाज येत राहिला. ती शाळेतल्या कुणाची तरी तक्रार सांगत होती.

बाहेर बाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी पाणी दिलं. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ती आधी माह्या तोंडाकडे पाहे, मंग पोट दुखते म्हणे. मले दिसत होतं, मॅडम. आज मी खूश झाली तो आला नाही म्हणून, अन् ती रडाले आली होती."

"अर्जाचं काय करू?"

"राहू द्या."

घटस्फोट झाला. तो टळण्यासारखा नव्हताच. मुलगी आईकडेच राहिली, पण सुट्टीतले काही आठवडे अकोल्याला, हे दोघांनी आपसांत ठरवलं. त्यासाठी मला युक्तिवाद करावा लागला नाही. एरवी या कामात माझा जास्त वेळ मोठ्यांना समजावण्यात जातो.

शाळा उघडायच्या सुमारास बाई निकालाची प्रत न्यायला ऑफिसात आल्या. मुलगी सोबत होती, उन्हानं रापलेली. माझ्या टेबलाला रेलून ती सांगत होती, "अकोल्याच्या घरी मांजरीनं पिलं देली. पलंगाखाली. बाबा मले हात नाही लावू देत."

बाई पर्समध्ये काही शोधत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"कोणत्या रंगाची हायेत?" त्यांनी विचारलं.