एका दावणीच्या सहा डिस्का

नेमसिंग राठोडाला आमच्या गल्लीत ‘मुका रेडिओ’ म्हणत. हे नाव मीच पाडलं, कबूल करते. दिवसभर लोकांचे टेप आणि रेडिओ बोलते करायचा, पण गिऱ्हाइकाला ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यांच्या पलीकडे तिसरा शब्द द्यायचा नाही. सेनगावकडच्या तांड्यावरून ब्याण्णव साली हा हिंगोलीत आला आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहिला. त्याच्याकडे खिळा ठोकला की माझ्या फडताळातले डबे वाजायचे. त्यामुळे त्याच्याबद्दल मला ठाऊक असलेलं अर्धं भिंतीनं सांगितलेलं आहे आणि अर्धं त्याच्या बायकोनं, मिराबाईनं.

तो मोकळं बोलायचा ते फक्त खेमाबद्दल. खेमा म्हणजे तांड्यातांड्यांवर फिरून घराण्यांची नावं डफावर गाणारा म्हातारा. कुणाचा आजा कोण, पणजा कोण, कुठल्या घरातून सून आणायची नाही, सगळं तोंडपाठ. लिहिलेलं अक्षर नाही. नेमसिंगनं त्याला तीन वर्षं पुन्हा पुन्हा बसवून एकेचाळीस कॅसेटी भरून घेतल्या. हिंगोलीचा जिल्हा झाला त्याच वर्षी खेमा गेला. मागे ना लेक, ना शिष्य. जाताना बजावून गेला, “नावं संभाळ. ज्याचं नाव घ्यायचं ऱ्हातं, ते दारात येऊन उभं ऱ्हातं.”

“उभं राहून काय मागतं? चहा का पाणी?” मी विचारलं होतं.

नेमसिंग हसला नाही. मीही मग दुसरा विषय काढला.

पुढं टेप गेले, कॉम्प्युटर आले. हा लग्नाच्या शूटिंगची आणि फोटोंची कामं घ्यायला लागला. कॅसेटींना बुरशी धरली होती, म्हणून एकेक कॅसेट शेवटची वाजवून त्यानं कॉम्प्युटरात उतरवली. त्यानंतर लगेच कॉम्प्युटरातली एक जुनी हार्ड डिस्क बंद पडली आणि आठ लग्नांचं शूटिंग घेऊन गेली. ‘नेमसिंगभाऊनं एका दुपारी आठ लग्नं मोडली,’ असं मी गल्लीभर सांगून आले. पण खेमा त्या डिस्कवर असता तर? या विचारानं त्याला झोप लागेना. शेवटी दोन हजार सात साली त्यानं ठरवलं. तीन कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडायचे, प्रत्येकात दोन डिस्का बसवायच्या आणि प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची. एक डिस्क मेली तरी दुसरी आहेच.

माझा धाकटा दीर अनिरुद्ध औरंगाबादला याच कामात. त्यानं फोनवर समजावलं, “भाऊ, सगळ्या डिस्क एका खोक्यातल्या घेऊ नका. कंपन्या वेगळ्या घ्या, बनवल्याचे महिने वेगळे बघा. एकाच घाण्यातल्या असल्या तर एकदमच बिघडतात.”

“व्हय,” नेमसिंग म्हणाला. त्याचं ‘व्हय’ म्हणजे ऐकलं, एवढंच. मानलं असं नव्हे.

नांदेडला डिस्का आणायला गेला, तेव्हा मिराबाई आणि मीही साडीचं निमित्त करून निघालो. दुकानदारानं चार कंपन्यांच्या डिस्का मांडल्या. हा एकेक तळहातावर तोलतो, पालथी करतो, कानाशी नेऊन जरा हलवतो. त्याचे वडील उत्तमसिंग म्हणजे तांड्यात बैलांची पारख करणारा माणूस. दात आणि खूर त्यांनी बघितल्याशिवाय कुणी बैल घ्यायचं नाही. त्यांचा शब्द एकच: जोडी घ्यायची तर एका दावणीची, एका वयाची. बेजोड बैल गाडी उलथवतात.

नेमसिंगनं सहा डिस्का वेगळ्या काढल्या. एकच कंपनी, एकच महिना, आणि पाठीवरचे नंबर एकापुढं एक, शेवटी एकेचाळीस ते शेहेचाळीस.

“अहो, अनिरुद्धनं काय सांगितलं होतं?”

“वहिनी, अनिरुद्धभाऊनं कधी बैल जुपलाय का?”

“मग यांना वैरण पण घेऊन टाका!” मी म्हणाले. दुकानदार खो खो हसला. नेमसिंगनं डिस्का उराशी धरल्या.

घरी त्यानं जोड्या लावल्या. एकेचाळीस-बेचाळीसवर खेमाचा पहिला भाग, त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर मधला, राहिलेल्या दोन्हींवर शेवटचा. प्रत्येक जोडीत दोन्हीकडे तेच. मग फुगलेल्या, बुरसटलेल्या एकेचाळीस कॅसेटी नरसीला नेऊन कयाधूत सोडल्या. खेमाच्या अस्थीच सोडाव्यात तशा, हात जोडून.

सव्वा वर्ष सुखानं गेलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, भर बाराला, भिंतीतून आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. भारनियमन चालू होतं, पंखा बंद, गल्लीत कुत्रं नाही. मी भिंतीवर थाप मारली, “नेमसिंगभाऊ, ढेकणं मारताय का?”

एकेचाळीस नंबर गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बेचाळीस. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस. नंबरानं, रांगेत, दावणीतून एकेक बैल सोडावा तशा. खेमाचा पहिला भाग पुरता गेला होता. अनिरुद्ध फोनवर ओरडला, “बाकीच्या बंद ठेवा! वेगळ्या कंपनीची डिस्क एसटीनं पाठवतो, उद्या सकाळी पोचेल.”

“बंद केल्या आन् पुना उठल्याच न्हाईत तर?” नेमसिंग म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाय. लिवून घेता?”

मी दिपाची, माझ्या लेकीची, शाळेची जुनी वही घेऊन गेले. यंत्रं इन्व्हर्टरवर होती, खोलीत उजेड फक्त उघड्या दारातून. मिराबाई न समजलेलं नाव पुन्हा सांगायला बसली. नेमसिंगनं चव्वेचाळीस लावली. डफ वाजला आणि मेलेला खेमा गायला लागला.

वीस-पंचवीस नावं सरळ आली. मग एका जागी डफ चालू, म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येतो, नाव तेवढं नाही.

“तिथं डिस्क खराब झाली असेल,” मी म्हणाले.

“खराबी नाव निवडून खात न्हाई, वहिनी. डफ बी गेला असता.”

मी एक रेघ मोकळी सोडली. तेवढ्यात वहीवरचा उजेड गेला, दारात कुणी आडवं आल्यासारखा. मान वर केली तर उंबऱ्यापलीकडं पांढरं ऊन. पुढचं नाव आलं, उजेड परत आला. पुन्हा एक नाव गळलं, पुन्हा वही काळवंडली. चौथ्यांदा मी वर बघितलंच नाही. मिराबाईनं मात्र उठून पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला. एरवी मी तिची खेचली असती. त्या दिवशी मी पुढचं नाव लिहीत राहिले.

मधला भाग संपता संपता चव्वेचाळीस टकटकली. पंचेचाळीस लावली, अर्ध्यात तीही. शेहेचाळीसवर शेवटचं नाव लिहून मी पेन खाली ठेवलं, आणि ती गप्प झाली. दिवस अजून मावळला नव्हता. अनिरुद्धची डिस्क दुसऱ्या दिवशी आली, पण तिच्यात भरायला आवाजच उरला नव्हता. होती ती पहिल्या भागाविना माझी वही, अन् तिच्यात सतरा रेघा मोकळ्या.

त्या पावसाळ्यात नेमसिंगनं दुकानाचं शटर कायमचं ओढलं आणि वही पाठ केली. आता लग्न असो की मयत, तांड्यावर तोच डफ घेऊन बसतो. मोकळी रेघ आली की नाव घेत नाही, नुसता डफ वाजवतो. मंडळी हात जोडून थांबतात.

पुढच्या वर्षी एका लग्नात मीही गेले होते, वही मांडीवर घेऊन. मोकळी रेघ आली. डफ वाजत होता. माझ्या मागून, अगदी कानाशी, म्हातारीच्या आवाजात कुणीतरी हळू म्हणालं, “लाखा.” नेमसिंगनं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघितलं.

“लिवा वहिनी,” तो म्हणाला.

मी लिहिलं. मांडवातून निघताना मिराबाईला विचारलं, “माझ्या मागं कोण म्हातारी बसली होती गं?”

“ताई,” ती म्हणाली, “तुमी तर घराच्या भिंतीला टेकून बसला होता.”

वहीत आज अकराच रेघा मोकळ्या आहेत.