फेडर खाली, ठेका चालू

आमच्या वहिनीला कोणी डीजे म्हटलं की तिला हसू आवरत नाही. "मी कसली डीजे? मी वायरी गुंडाळणारी बाई," असं ती म्हणते. ते अगदीच खोटं नाही. दादाचा साउंडचा धंदा होता. लग्नं, वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम, जिथे बोलावतील तिथे स्पीकर लावायचे आणि गाणी वाजवायची. दादा मिक्सरसमोर ऐटीत उभा आणि वहिनी मागे वायरींच्या जंजाळात. कुठली वायर कुठून निघते आणि कुठे घुसते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पुढे गाणी सीडीतून लॅपटॉपमध्ये आली. दादाने नाक मुरडलं, म्हणून ते सॉफ्टवेअर वहिनी शिकली. कोणीतरी शिकायलाच हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं.

मग दादाचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. दादाने कोणाशी फार न बोलता धंदा आवरता घेतला, बाकीचं सामान विकलं. दोन स्पीकर आणि जुना मिक्सर तेवढा वहिनीने पलंगाखाली सरकवून ठेवला. हाताचं दादाने मनावर घेतलं नाही. त्याला जिव्हारी लागले ते पाय. दारातून जाताना, वळताना पाय एकदम जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. "मी निघालोय, पण हे दोघे येत नाहीयेत," असं तो पायांकडे बघून म्हणायचा, जणू ते कोणी हट्टी पाहुणे होते.

आमच्या भागातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये एक थेरपिस्ट बाई दुपारी अशा लोकांचा वर्ग घ्यायच्या. गाण्याच्या ठेक्यावर चालायचं, वळायचं, हात हलवायचे. पाय अडतात त्यांना ठेका ऐकू आला की पाऊल सुटतं, असं त्या सांगायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मोबाईलला छोटा स्पीकर जोडून गाणी लावली. दादा घरी आला तो चिडूनच.

"त्या डबीतून गाणं येतंय की कपाटातून भांडी पडतायत, तेच कळत नाही. मी नाही जाणार."

पुढच्या वर्गाच्या दिवशी वहिनीने पलंगाखालचं सगळं सामान माझ्या गाडीत चढवलं. मी दादाची धाकटी बहीण, शाळेत शिकवते आणि माझी शाळा सकाळची. त्यामुळे ड्रायव्हरचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खऱ्या स्पीकरवर ढोलकचा ठोका पडला आणि हॉलचं रूपच बदललं. खाली हिरवी जमीन, तिच्यावर कोर्टाच्या पिवळ्या रेघा आणि त्या रेघा ओलांडत चाललेली माणसं. एक निवृत्त बसड्रायव्हर होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणायचे. ते तर चक्क हात वर करून चालायला लागले. दादाने मिक्सरकडे बघणं मुद्दाम टाळलं, पण पाय मात्र टाकत होता.

अडचण आली ती गाणं बदलताना. वहिनीने फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली घेतली की एका क्षणात शांतता व्हायची आणि सगळी माणसं होती तिथे गोठायची. नवीन गाणं सुरू झालं तरी पाऊल लवकर उचलायचं नाही. एकदा ड्रायव्हरकाका पुढे झुकले ते पडायच्या बेतात होते. थेरपिस्ट बाईंनी त्यांना मागून पट्ट्याला धरून सावरलं.

"ब्रेक एकदम चांगले आहेत," काका धापा टाकत म्हणाले, "क्लचच गेलाय."

सगळे हसले. वहिनी हसली नाही.

वर्ग संपल्यावर थेरपिस्ट बाई तिच्याजवळ आल्या. "ताई, मधली शांतता नको. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत ठेका हवा."

वहिनीने आधी दोन्ही गाणी एकमेकांवर चढवून पाहिली. पण ती जुनी गाणी, माणसांनी हाताने वाजवलेली. त्यांचा ठेका जागच्या जागी राहतो थोडाच! दोन्ही ठेके पुढे-मागे व्हायला लागले. ड्रायव्हरकाका मध्येच उभे राहून ओरडले, "अहो, एक कंडक्टर थांब म्हणतोय, दुसरा चल म्हणतोय! मी करू काय?"

मग तिने इको लावायचं ठरवलं. शेवटचा ठोका पुन्हा पुन्हा, हळूहळू विरत ऐकू यावा आणि तेवढ्यात नवीन गाणं सुरू व्हावं. सॉफ्टवेअरमध्ये इको होताच. तिने तो लावला आणि फेडर खाली घेतला. गाणं गेलं आणि त्याच्यासोबत इकोही गेला. पुन्हा तीच स्मशानशांतता.

घरी जेवणाच्या टेबलावर तिने सगळं मांडलं. कधी लॅपटॉपच्या पडद्यावरचाच फेडर माउसने ओढून बघ, कधी इको वाढवून बघ. माउस हातातून निसटायचा आणि गाणं धाडकन बंद पडायचं. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. धंदा बंद केल्यापासून तो या सामानाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी पेपरमागून आवाज आला.

"इको कुठे लावतेयस?"

"लॅपटॉपमध्ये."

"आणि फेडर कुठे आहे?"

"मिक्सरवर. समोर दिसतोय ना."

"मग?"

"मग काय? कोडी घालू नका हो. मला आधीच घाम फुटलाय."

दादाने पेपर खाली ठेवला. "अगं, तुझा इको आधी येतो आणि फेडर नंतर. तू नळच बंद करतेयस. आधी काहीही मिसळलंस तरी बाहेर काय येणार? इको फेडरच्या नंतर यायला पाहिजे."

तो उठला आणि टेबलाकडे निघाला, पण खुर्ची आणि टेबलाच्या मध्ये पाय अडले. वहिनीने हातातला चमचा टेबलावर वाजवला. टक, टक, टक. दादाचं पाऊल सुटलं. तो येऊन बसला तो थेट मिक्सरच्या मागच्या बाजूला वाकून.

"हे बघ, इथे सेंड आहे, आवाज बाहेर पाठवायचं भोक. गायकांच्या आवाजाला घुमारा द्यायला मी इथूनच वायर काढायचो. फेडर उघडा असेल तेवढाच आवाज यातून जातो. तो ने बाहेर, इको लावून आण आणि तिसऱ्या पट्टीत, म्हणजे तिसऱ्या फेडरच्या रांगेत घाल. मग पहिला फेडर बंद केलास तरी आधी गेलेला आवाज तिकडे घुमतच राहील."

"बाहेर म्हणजे कुठे? तुमचा तो इकोचा डबा तर विकला."

"ते मला काय विचारतेस? सॉफ्टवेअर तुझं."

वहिनीने लॅपटॉप जवळ ओढला. मग तिने सेंडमधून वायर काढली आणि लॅपटॉपला जोडलेल्या साउंड कार्डात घातली. सॉफ्टवेअरमध्ये तो येणारा आवाज वेगळा घेतला, गाण्यांवरचा इको काढून त्याच्यावर लावला. मूळ गाणं तिकडून परत येऊ नये, फक्त घुमलेले ठोके यावेत, अशी कळ पूर्ण फिरवली आणि कार्डाच्या आवाज बाहेर सोडणाऱ्या रिकाम्या भोकांतून ते मिक्सरच्या तिसऱ्या पट्टीत आणले. मी तोपर्यंत चहा ठेवला.

"लाव," दादा म्हणाला.

तिने लावलं आणि स्पीकर असा किंचाळला की माझ्या हातातली गाळणी खाली पडली. शेजारीण धावत दारात आली. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही," वहिनी कानावर हात ठेवून म्हणाली, "शिकतोय."

दादा मात्र पोट धरून हसत होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला तसं हसताना बघितलं. "तिसऱ्या पट्टीचं सेंड शून्यावर ठेव. नाहीतर आवाज परत आत जातो, परत बाहेर येतो, आपलंच शेपूट पकडत गोल गोल फिरतो."

वहिनीने ती कळ बंद केली, गाणं लावलं आणि फेडर खाली घेतला. गाणं गेलं. ठोका मात्र राहिला. ठक्, ठक्, मग जरा दूर, मग आणखी दूर. त्यातच तिने दुसरं गाणं सुरू केलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, "चहा गार होतोय."

पुढच्या वर्गात गाणं बदललं तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. माणसं चालत होती, ती चालतच राहिली. थेरपिस्ट बाईंनी तेवढं वळून वहिनीकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. दादा रांगेतून चालत टेबलाजवळून गेला आणि न थांबता म्हणाला, "इको जरा कमी कर. बोगद्यात शिरल्यासारखं वाटतंय."

तिने कमी केला.

याने दादा बरा झाला, असं मी म्हणणार नाही. हा आजार मागे फिरत नाही. त्यानंतर दीडेक वर्षात त्याची चाल आणखी मंदावली, आता तो अर्धा वर्ग चालतो आणि उरलेला वेळ वहिनीच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. हेडफोन एका कानाला लावून पुढचं गाणं निवडतो. ड्रायव्हरकाकांना संथ गाणी आवडतात, दादाला जलद. त्यावरून दोघांची दर वर्गात जुंपते आणि थेरपिस्ट बाई सांगतात, "भांडा, पण चालता चालता भांडा."

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीतल्या हॉलमध्ये असाच वर्ग सुरू होणार होता, तर तिथली साउंडची मांडणी करून द्यायला या दोघांना बोलावलं. दादा नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तो माझ्या आधी तयार होऊन बसला होता. तिथे वहिनी टेबलाखाली शिरून वायरी लावत होती आणि दादा वरून सूचना सोडत होता. तिसऱ्या सूचनेनंतर टेबलाखालून आवाज आला, "मला माहीत आहे." तो गप्प बसला, पण फार वेळ नाही.

परतताना वहिनी मागच्या सीटवर झोपून गेली. दादा पुढे बसला होता. सिग्नल कधी सुटणार, गाडी कुठल्या बाजूने घ्यायची, हे तो मला घर येईपर्यंत सांगत होता.