काटेवाल्याचा आकडा

काटेवाल्याला फसवणं सोपं नव्हतं. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असले तर शिक्का मारायचा, हे त्याचं पंधरा वर्षांचं काम. "टेबलावरचा हात काढा आधी," हे त्याचं पहिलं वाक्य. काटा तपासताना कुणी नुसतं टेकलेलंही त्याला खपत नसे.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. त्यातली सात वर्षं बायकोच्याच तपासण्या झाल्या, कारण दोष तिचाच असणार हे सगळ्यांनी न विचारता ठरवून टाकलं होतं. शेवटी कुणाला तरी अक्कल सुचली, काटेवाल्याची तपासणी झाली आणि त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही असं निघालं. ते बाहेर यायची वाट तुंबलेली नव्हती. बनायचं कामच जवळजवळ बंद होतं.

"वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शोधता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एखाद्या कोपऱ्यात थोडे बनत असतील तर मिळतील. त्याच दिवशी तुमच्या बायकोची स्त्रीबीजं काढू."

"मिळतील की नाही, आधी कळतं?"

"अंदाज येतो. खात्री कुणी देत नाही." त्यांनी रक्ताच्या रिपोर्टावर बोट ठेवलं. "खाली काम होत नसलं की मेंदू 'काम करा' म्हणून ओरडत सुटतो. हा आकडा म्हणजे ती ओरड. तुमचा फार वर आहे. अशा शंभरांत तीस-पस्तिसांना मिळतात. दोन महिन्यांनी परत तपासू. आणि वृषणं लहान आहेत, तेव्हा मी एकदाच उघडेन. दुसऱ्यांदा नाही."

काटेवाल्याच्या डोक्यात एवढंच राहिलं की आकडा खाली यायला हवा.

मेहुणा व्यायामशाळा चालवायचा. "दाजी, तोंड कशाला पाडताय? पुरुषाचंच हार्मोन असतं इंजेक्शनात. आमचे गडी घेतात, बैल होतात बैल! आणि ताईला सांगू नका, ती माझी सालं काढेल."

आठ आठवडे, दर आठवड्याला, व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत घामट चटयांच्या ढिगाशेजारी काटेवाला पँट सैल करून उभा राहिला.

आकडा निम्म्याहून खाली आला.

"काही औषध चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो."

इतरांच्या काट्याखालचं लोहचुंबक हा माणूस बरोबर शोधून काढायचा! बायको त्या दिवशी आकडा उतरल्याच्या आनंदात घरी येईपर्यंत बोलत होती. बीजं वाढावीत म्हणून पुढचे बारा दिवस तिने रोज पोटात इंजेक्शन टोचून घेतलं, काळेनिळे डाग पडले, तरी कुरकुर नाही.

शस्त्रक्रियेत त्याला कंबरेखाली बधिर केलं होतं, कान शाबूत होते. डॉक्टरीणबाई कणभर तुकडा काढायच्या, बशी शेजारच्या टेबलावर जायची, तिथला माणूस सूक्ष्मदर्शकात बघून म्हणायचा, "नाही."

परत तुकडा. परत "नाही." तो माणूस जांभई दाबून बोलायचा तेही ऐकू यायचं. दोन तास हेच चाललं. शेवटी काटेवाला छताकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, बाहेरून हार्मोन घेतलं तर काय होतं?"

पडद्यापलीकडचा हात थांबला.

"मेंदूला वाटतं काम चाललंय, तो गप्प बसतो आणि आकडा उतरतो. मग थोडंफार चाललेलं कामही थांबतं. किती दिवस घेतलंत?"

"आठ आठवडे."

"मूर्ख आहात तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मीही. एकदाच विचारलं आणि विश्वास ठेवला."

"म्हणजे आधी होते?"

"कधीच नसतील. किंवा दोन महिन्यांपूर्वी असतील. आता हे कुणीच सांगू शकणार नाही." त्या टाके घालू लागल्या.

संध्याकाळी बायको त्याच्या खाटेशी आली, पोटावर हात धरून, सावकाश. तिची अकरा बीजं निघाली होती. तिच्या मागोमाग परिचारिका कागद घेऊन आली. बीजं गोठवून ठेवायची की टाकून द्यायची, दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"ठेवा हो," बायको म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "असं तोंड करू नका. एवढा छान आकडा आला होता तुमचा. बाईंना आपण मनवू, पुढच्या वेळी नक्की मिळतील."

"अगं..." काटेवाला म्हणाला.

"काय?"

परिचारिकेने कागदावरची रिकामी जागा बोटाने दाखवली. त्याने पेन घेतलं आणि सही केली.