बिराप्पाची ढगाची शाळा

दुष्काळी माणातल्या माणसाला ढगाचं काय कवतिक असतं, ते धो धो पावसातल्या कोयनानगरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. बिराप्पाचा तर जन्मच दहिवडीजवळच्या वस्तीवरचा. मेंढरांमागं फिरता फिरता मिसरूड फुटलं आणि निम्मं आयुष्य आभाळाकडं बघण्यात गेलं. म्हणून एकुलती लेक सोनम साताऱ्याच्या कॉलेजातून फोनवर म्हणाली, "आबा, मी क्लाऊडचा कोर्स लावलाय," आणि क्लाऊड म्हणजे ढग असं शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा हा बाबा हरखूनच गेला. वस्तीभर सांगत सुटला, "आमची सोनी ढगाचं शिकतीया! आता टँकरसाठी सरकारच्या तोंडाकडं बघायला नगं."

लोकही काही कमी नव्हते. सोनम सुट्टीला आली की म्हातारी माणसं दारात येऊन उभी. "पोरी, औंदा आमच्या मटकीवर एखादा धाड की!" पोरीनं कपाळाला हात लावला आणि बापाला समोर बसवलं.

"आबा, तो ढग हा नव्हे. आपल्या फोनातले फोटो फोनात नाही ठेवायचे. लांब कुठंतरी मोठाले कॉम्प्युटर असतात, तिथं ठेवायचे. लागले की मागवायचे. त्याला क्लाऊड म्हणतात."

बिराप्पानं दाढी खाजवली. "म्हंजे आपली मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायची."

"अगदी बरोबर, आबा!"

"मग त्यो रानवाला आपल्याला काय देतो?"

सोनम गडबडली. "तो नाही देत. आपण द्यायचे पैसे. जेवढी जागा वापरली तेवढे."

बिराप्पा ताडकन उठला. उभ्या हयातीत त्यानं ज्याच्या रानात मेंढरं बसवली, त्यानं खताच्या बदल्यात दाणे तरी घातले, नाहीतर पैसे तरी दिले. "मेंढरं आपली, लेंड्या त्याला, अन वर पैसं बी त्यालाच? असला येडा धंदा काढला कुणी गं?" हा प्रश्न कोर्समध्ये नव्हता. सोनम परीक्षा पास झाली, सर्टिफिकेट आलं, पण लेंड्यांचं उत्तर तिला काही देता आलं नाही.

त्याच वर्गात तासगावचा दिग्विजय होता. सोनमचं आणि त्याचं जमलं. पोरगा गुणाचा, माणसं आपल्यातलीच. घोडं अडलं होतं एकट्या हंबीररावापाशी, म्हणजे दिग्विजयच्या बापापाशी. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड आणि तिखट तोंड. त्याच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं. बिराप्पा मेव्हण्याला, ज्योतिबाला, घेऊन तासगावला घर बघायला निघाला. एसटीत बसला तोच दिग्विजयचा फोन.

"मामा, एवढं एक सांभाळा. बेदाणा वाळत घातलाय. या दिवसांत ढग आला की माल काळा पडतो. म्हणून आमच्या घरात ढग हा शब्दच कुणी काढत नाही. काढला की अण्णा पिसाळतात. त्याच्याऐवजी आम्ही काय म्हणतो..." आणि रेंज गेली.

पोरीचं लग्न एका शब्दावर लटकलं होतं, आणि नेमका तोच शब्द त्याच्या जिभेवर जन्मापासून मुक्कामाला. अख्खी वाट तो तोंड मिटून बसला.

हंबीररावाच्या फाटकातून दोघांनी पाऊल आत टाकलं आणि शेडवरून आरोळी उठली, "पाव्हणं आलं! पाव्हणं आलं! ताडपत्री टाका!" पाठोपाठ हंबीरराव पायजमा खोचत बाहेर धावला. "मुडदा बशिवला ह्यांचा! आजच कडमडायचं होतं का? बोलावलं हुतं कुणी ह्यास्नी?"

ज्योतिबानं पिशवी काखेत मारली. "दाजी, माघारी चला. पाव्हण्यावर ताडपत्री टाकायची रीत मी तरी कुटं बघितली न्हाई."

तेवढ्यात दिग्विजय धापा टाकत आला आणि कानाशी लागला, "मामा, तुम्ही नव्हे! ते वरचे!" बिराप्पानं वर बघितलं. बेदाण्याच्या शेडवर आभाळ चांगलंच भरून आलं होतं.

बेदाण्याचे रॅक झाकून झाल्यावर चहा आला. हंबीररावाचा एक डोळा पाहुण्यांवर, एक खिडकीबाहेर. "पोरगी काय शिकलीया?"

"काम्प्युटरचं."

"काम्प्युटरचं म्हंजे काय?"

"क्लाऊडचं."

"म्हंजे मराठीत काय?"

ज्योतिबाला ठसका लागला. दिग्विजय भिंतीकडं बघायला लागला. बिराप्पानं कपातला चहा बशीत ओतला. "मराठीत..." तो म्हणाला, "मराठीत अजून आलेलं न्हाई ते."

"आवं, काय तर अर्थ असंल की!"

बिराप्पानं शब्द गिळला. पण किती गिळणार? "ढग!" तो एकदम ओरडला. "ढग म्हणत्यात त्याला, हंबीरराव! आमच्याकडं बाया त्याला निवद दावत्यात, अन तुमी त्याला शिव्या देता. माजी पोर बी तसलीच हाय. आमचं लगीन झाल्यावर लय वर्सांनी झाली. लय वाट बघायला लावली तिनं. तुमाला नगं असली तर ऱ्हाऊ द्या. आमाला जड न्हाई ती." बोलता बोलता गड्याचा आवाज फाटला आणि डोळे वाहायला लागले.

दिग्विजयनं डोळे मिटून घेतले. हंबीरराव उठला, खिडकीशी गेला, आभाळ बघितलं, आणि बिराप्पासमोर येऊन त्यानं हात जोडले.

"पाव्हणं, पोरगी आमाला द्या. अन हे वर जमलेलं समदं तुमी माणला घिऊन जावा."

ज्योतिबा मांडीवर थाप मारून हसला. दिग्विजय हसला. बिराप्पानंही हसायला तोंड उघडलं, पण हसू येईना. जन्मभर ज्याची वाट बघितली ते आभाळभर फुकटात मिळत होतं, आणि नेमकं त्याच घडीला त्याला आपली पोर घरी हवी होती.