बीचमधलं हॉटेल

रायपुरातल्या शंकर नगरच्या एका ट्रॅव्हलवाल्याने मला फसवलं. मला, गोल बाजारात घासाघीस करत भांड्यांचं दुकान उभं केलेल्या माणसाला.

माणूस गोड बोलायचा. बालीचा नकाशा तळहाताने सपाट करायचा आणि पेनच्या टोपणाने कान कोरायचा. दक्षिणेला किनारे आणि गर्दी, उत्तरेला काळी वाळू आणि शांतता, सगळं बेट त्याला पाठ. मी विचारलं, "होटल किधर है?" तो म्हणाला, "भैया, एकदम बीच में."

मी खूश झालो. आईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तिच्यासाठीच तर जात होतो.

हॉटेल बेटाच्या मधोमध निघालं. चारी बाजूंना धानाची शेतं. आई गॅलरीतून म्हणाली, "काहून रे, हे तर आपल्या छत्तीसगडातच आहे." किनाऱ्याकडे निघालो, तर गाडीत तिला उलट्या सुरू झाल्या. अर्ध्या वाटेतून परतलो. येणं-जाणं रात्रीच्या विमानाचं, तेव्हा वरूनही काही दिसलं नाही.

रायपूरला आल्यावर आईला घेऊनच त्याच्याकडे गेलो आणि टेबलावर हात आपटला. त्याने शांतपणे नकाशा पसरला. "बीच में यानी बीच में, भैया. और टापू है, समुंदर तो चारों तरफ था ही." मग आईकडे वळून, "अम्मा, धान अच्छा था ना?"

आई मान डोलावत म्हणाली, "हव."

मी आणखीच पेटलो. अजूनही त्या रस्त्याने गेलो की स्कूटर त्याच्या दारापाशी भांडायला थांबते. आई आता पुन्हा विमानात बसायला तयार नाही. मग तिने समुद्र पाहायचा कधी, हे त्याने आमच्या घरी येऊन तिला सांगावं.