सुनेचा हात

बाबा डहाणूच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि सुट्टी लागली की गाडी धरून गुजरातेत जात. तिथल्या जैन ग्रंथभांडारांत पंधराव्या शतकातल्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांतल्या काही एकाच चित्रकार घराण्याने रंगवल्या होत्या, आणि ते घराणं हाच बाबांचा आयुष्यभराचा अभ्यास.

पोथीच्या शेवटी आधी बापाचं नाव येतं, नंतरच्या पोथ्यांवर मुलाचं. मग मुलाचंही नाव येईनासं होतं, पण चित्रं येतच राहतात. ती मुलाच्या बायकोने काढली, असं बाबांचं म्हणणं. "हात त्याच घरातला आहे, पण मोठेपणी शिकलेला," असं ते सांगत. आई होती तेव्हा चिडवायची, "तुमच्या त्या सुनेला एकदा जेवायला तरी बोलवा."

एक पान मात्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. ते परदेशातल्या एका संग्रहालयात होतं. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं; मुलाने काढलं की सुनेने, हे रेषेवरूनच ठरणार होतं. बाबांच्या मते सून अंगठा काढताना नखापाशी कुंचला उचलायची, मुलगा उचलत नसे. बाबा वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले. अखेर त्या पानाचा फोटो आला, तोवर बाबांची नजर गेली होती.

अगदी अंधार नव्हता. मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. दारात कुणी आलंय हे कळे, कोण ते कळत नसे. वापीला नेऊन डोळ्यांत इंजेक्शनं देऊन झाली. "आहे ते टिकवू," एवढंच डॉक्टर म्हणाले.

मी तलासरीच्या शाळेत शिकवते. रविवारी घरी होते, म्हणून तो फोटो टीव्हीवर लावला.

"काय दिसतंय?"

"एक बाई बसलीय. मागे सगळं लाल. हातात फूल."

"अंगठा सांग."

"वाकलाय."

"आत की मागे?"

"थोडा मागे."

"थोडा म्हणजे किती? नखापाशी कुंचला उचललाय का?"

मी पडद्याला नाक लावलं. रेष होती. कुंचला उचलला की नाही, ते मला कसं दिसणार? मोठं करत गेले तसे नुसते चौकोन दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तलासरीहून मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली. बाबांनी ती खिडकीशी नेली, कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली. मग तळहात पुढे केला.

"इथे काढ. जशी दिसते तशी."

मी त्यांच्या तळहातावर बोटाने अंगठा काढला.

"पुन्हा. हळू."

मी पुन्हा काढला. बाबा डोळे मिटून बसले होते.

"ही तुझी रेष झाली गं. फळ्यावर काढल्यासारखी."

एकदा वाटलं, सांगून टाकावं, हो, उचललाय कुंचला. पण त्यावर त्यांनी पुढचं काहीतरी विचारलं असतं, आणि मी आणखी किती बनवून सांगणार?

"बाबा, मला नाही कळत," मी म्हटलं.

"कळलं," ते म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवला.

मग त्यांनीच फोटो बडोद्याच्या एका संशोधकाला पाठवायला लावला. तो पूर्वी बाबांना शंका विचारायला घरी येत असे. पावसाळ्यानंतर त्याचा लेख आला. मी मोठ्याने वाचला. बाबांचा उल्लेख आदराने केला होता. निष्कर्ष असा, की पान मुलाचंच आहे आणि घराण्यात तिसरा हात मानायला आधार नाही.

"अंगठ्याबद्दल काय म्हणतो?"

मी पानं पुन्हा चाळली. "अंगठ्याचं काहीच नाही."

बाबांनी हात पुढे केला, लेखाची पानं चाचपली आणि परत दिली.

"आपण उत्तर लिहू या," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"काय बघून सांगू?"

ते पान मीच सगळ्यात जास्त वेळा पाहिलं होतं, आणि त्याविषयी खात्रीने सांगावं असं एक वाक्यही मला येत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मजकूर सांगितला: लेख मिळाला, भाषा नेटकी आहे, अभ्यास चालू ठेवावा. मी तेवढंच टाइप केलं आणि वाचून दाखवलं.

"खाली 'कळावे' घाल," ते म्हणाले.