परत आलेला आयपीस

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे नंबरताई म्हणायचे. गिऱ्हाईक दारातून आत येताना डोळे किती बारीक करतं, एवढ्यावरून ती त्याचा नंबर सांगायची आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. काउंटरच्या टोकाला काचेचं एक कपाट होतं. त्यात दुर्बिणी, होकायंत्रं, भिंगं असला माल. तो खपवायचं कामही तिच्याकडेच होतं. त्यातलं तिला फारसं कळत नव्हतं, पण खोक्यावरचा मजकूर ती अशा झोकात सांगायची, की समोरच्याला वाटावं, बाई चंद्रावर जाऊन-येऊन असते.

तिला लहानाचं मोठं केलं ते मामा-मामींनी. मामा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून ते बसले, की घरात कुणी जोरात शिंकायचं नाही, कारण टेबलावर मांडलेली चाकं फुंकरीनेही उडतील इतकी हलकी. चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा हे ती तिथेच शिकली. चष्म्याच्या दुकानातली नोकरीही मामांनीच शब्द टाकून मिळवून दिलेली.

मामांना नाद एकच. गाव सोडून चाललेल्या एका शेजाऱ्याकडून त्यांनी दुर्बीण घेतली होती. पांढरी लांब नळी, तळाशी बशीएवढा आरसा. सोबत एकच आयपीस होता, म्हणजे डोळा लावायचं भिंग. त्यातून शनी दिसायचा. कडं दिसायचं, पण सगळा मिळून मोहरीच्या दाण्याएवढा.

"जरा मोठा दिसला ना, तर कड्यातली फटसुद्धा दिसेल," मामा म्हणायचे.

"लोक शनीपासून चार हात लांब पळतात," मामी म्हणायची, "आणि ह्यांना तो आणखी जवळ आणायचाय. आहे ती साडेसाती पुरत नाही जणू."

मामांच्या वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न नंबरताईला त्या वर्षी पडलाच नाही. दुकानातल्या कपाटात एक आयपीस पडून होता. अडीच मिलिमीटरचा, सगळ्यांत जास्त ताकदीचा, कारण आयपीसचा आकडा जितका लहान तितकी ताकद मोठी. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, साडेतीनशे पटींहून मोठं. तो तिने एकदा विकलाही होता, भूगोलाच्या एका सरांना. आठवड्याने सर तो परत घेऊन आले. "ताई, हा ग्रह मोठा करत नाही, फक्त धुकं मोठं करतो," असं म्हणून काउंटरवर ठेवून गेले. मालक तेव्हापासून ह्या आयपीसच्या नावाने कुरकुरत होते. तिने विचारल्यावर त्यांनी जवळजवळ फुकटातच देऊन टाकला. तिने खोक्यावरची जुनी चिकटपट्टी खरवडून काढली, वर चकचकीत कागद गुंडाळला.

सरांचं बोलणं तिला आठवत नव्हतं असं नाही. पण सर चिकित्सक, त्यांना काहीच पसंत पडत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी गच्चीवर मामांनी नवा आयपीस बसवला. शनी धरायलाच बराच वेळ गेला. नळीला नुसता हात लागला तरी तो पळून जायचा. शेवटी सापडला. मामा वाकून बघत राहिले.

"दिसतंय ना?" तिने विचारलं. मामा बोलेनात, म्हणून ती पुढे म्हणाली, "सगळ्यांत भारी आयपीस आहे हा. डोळा धड असला, की ह्यात सगळं दिसतं."

मामा आणखी थोडा वेळ वाकून राहिले. मग ताठ झाले आणि म्हणाले, "वा! दिसलं की. झकास दिसलं."

ती खुशीत आपल्या घरी गेली.

त्यानंतर काही आठवड्यांतच मामांनी काम बंद केलं. हाती होती तेवढी घड्याळं माणसांना परत केली आणि भिंगं, चिमटे, बारीक पेचकस, सगळी हत्यारं बाजारातल्या एका धाकट्या घड्याळजीला देऊन टाकली. "आता पुरे. हात थकले," एवढंच ते म्हणाले. नंबरताईला वाटलं, वय झालं, चालायचंच. पण ती जाईल तेव्हा मामा रिकाम्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे. वर्तमानपत्रसुद्धा घडी न मोडता पडलेलं.

शेवटी मामीनेच तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"हात नाही गं थकले, डोळे गेलेत म्हणतात. काळे धागे तरंगतात म्हणे डोळ्यासमोर. तुला सांगू नको अशी शपथ घातलीय मला. तुझ्या त्या नव्या भिंगातून पहिल्यांदा दिसले त्यांना. आता भिंतीकडे बघितलं तरी दिसतात. मी आपली रोज डोळ्यांत थेंब घालतेय."

"मग मामा डॉक्टरकडे का नाही गेला?"

"घाबरलेत. ह्यांच्या वडिलांची नजर गेली ना, तेव्हा त्यांनाही आधी असेच धागे दिसायचे."

अंधार पडल्यावर नंबरताईने दुर्बीण गच्चीवर नेली, तोच आयपीस बसवला आणि शनीवर धरला. समोर एक पिवळट, थरथरता गोळा होता, कडेला फाटल्यासारखा. आणि त्याच्यावरून काळसर धागे, ठिपके, जाळ्याचे तुकडे सावकाश वाहत होते. तिने डोळा हलवला, तेही हलले. तिने दुसरा डोळा लावला. त्यातही होतेच. तिचे डोळे तर ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी ती भूगोलाच्या सरांच्या शाळेत गेली. सर मैदानाच्या कडेला उभे होते. तिने सगळं सांगितलं नाही, दुर्बिणीचं माप सांगून नुसतं धाग्यांचं विचारलं.

"अहो, ते प्रत्येकाच्या डोळ्यात असतात," सर म्हणाले. "ताकद फार वाढवली, की आयपीसमधून येणारा प्रकाश सुईसारखा बारीक होतो. त्यात डोळ्यातला कचरा उठून दिसतो. साधा हिशेब आहे. आरशाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. तेवढ्या पटींच्या पुढे चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. आणि आपली हवा अशी, की बहुतेक दिवशी त्याच्या निम्म्यावर समाधान मानायचं. तुमच्या दुर्बिणीला सात-आठ मिलिमीटरचा घ्या. डोळा टेकवायची काच मोठी हवी, चष्मा न काढता बघता येतं." मग थांबून म्हणाले, "पण धागे अचानक वाढले असतील, तर डोळे तपासून घ्यायलाच हवेत बरं का. ते दुर्बिणीवर सोडू नका."

तिने सात मिलिमीटरचा घेतला, ह्या वेळी खोक्यावरचे आकडे न बघता, काच बघून. पण मामांना खरं सांगायचा धीर काही झाला नाही. मामीकडून दुर्बीण मागून घेऊन तिने गुपचूप जुना आयपीस काढला आणि नवा बसवून ठेवला. संध्याकाळी मामांना जवळजवळ ढकलत गच्चीवर नेलं.

मामांनी चष्म्यासकट डोळा लावला आणि एकदम म्हणाले, "अगं! कडं सुटं दिसतंय. गोळा वेगळा, कडं वेगळं! फटही आहे बघ, केसाएवढी!" मग मामीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या त्या थेंबांनी गुण दिला. डोळा सुधारला माझा!"

तिला तिथेच थांबता आलं असतं. मामा हसत होते, मामी हात जोडून आभाळाकडे बघत होती. पण पुढच्या खोलीतलं रिकामं टेबल तिच्या डोळ्यासमोरून हलेना. मामा थेंबांचे गोडवे गात असतानाच ती म्हणाली, "मामा, डोळा सुधारला नाही. तो बिघडलाच नव्हता बहुतेक. मी आयपीस बदललाय."

आणि मग तिने सांगितलं. सरांनी तो परत केला होता, तिने पट्टी खरवडली होती, "डोळा धड असला की" हे शब्द तिने काही माहीत नसताना ठोकून दिले होते.

मामांनी नळीवर झाकण लावलं.

"दुकानदार म्हणून विकला असतास तर काही वाटलं नसतं," ते म्हणाले. "माझ्यापाशी खोटं कसं बोलवलं गं तुला?"

"तू दिसलं म्हणालास, मामा."

"तू आणला होतास म्हणून म्हणालो."

एवढं बोलून ते खाली गेले, त्यांच्यामागोमाग मामीही. ती गच्चीवरच बसून राहिली. मामी बोलवायला आली तरी उठवेना तिला.

मामांचे डोळे तपासले. जरासा मोतीबिंदू सुरू होता, बाकी काही नाही, धागे वयाचे. डॉक्टर म्हणाले, काम करायला काहीच हरकत नाही. पण हत्यारं तर गेलेली. नंबरताई बाजारातल्या त्या घड्याळजीकडे गेली, तेव्हा तो कामात गढला होता. मामांच्या चिमट्याने एक चाक उचलत होता. "परत द्या" हे शब्द तिच्या ओठांवर आले नाहीत. तोच म्हणाला, "मामांना सांगा, मला जुन्या लंबकाच्या घड्याळांतलं काही समजत नाही. येतील का बसायला?"

मामा जाऊ लागले. दुपारपर्यंत त्याच्याशेजारी स्टुलावर बसायचे, लंबकाची घड्याळं बघायचे. नंबरताईशी मात्र महिनाभर कामापुरतंच बोलले. पुढे हळूहळू नीट बोलायला लागले, चेष्टाही करायला लागले. तिने दुकानातल्या मोठ्या आकड्यांच्या आयपीसांबद्दल गिऱ्हाइकांना सावध करायला सुरुवात केली. मालकांनी आधी डोळे वटारले, मग ते कपाटच हलवून कोपऱ्यात टाकलं.

"झालं गेलं, किती दिवस उगाळशील?" मामी एकदा म्हणाली. "ते विसरलेसुद्धा."

कदाचित विसरलेही असतील. पण घरातल्या खिडकीशी मामांनी पुन्हा टेबल मांडलं नाही. तिथे आता मामीची शिवणाची टोपली असते. नंबरताई आली, की त्या खिडकीकडे पाठ करून बसते.